डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : अकाली जन्मलेल्या बालकांचा फुप्फुसविकार आणि त्यांचा बोधात्मक विकास यांचा एकत्रित पाठपुरावा.



गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले मानते. २०२० या एका वर्षात जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, म्हणजे अन्य कोणत्याही देशापेक्षा अधिक. जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात शिशू दक्षता कक्ष, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘एसएनसीयू’, उभे राहिल्यापासून यांतली पुष्कळ बाळे वाचू लागली आहेत. ज्या घरांत पूर्वी ‘सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ या समजुतीवर सारे सोडले जाई (ही समजूत शास्त्राच्या नेमकी उलट आहे, कारण पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो), त्या घरांत आता काही आठवडे ‘बाळ पेटीत आहे’ असे सांगितले जाते आणि मग एके दिवशी बाळ घरी येते. प्रस्तुत पत्र त्यानंतरच्या सात-आठ वर्षांविषयी आहे. फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार घेऊन घरी गेलेल्या बालकांना पुढे शाळेत अडचण येण्याची शक्यता इतर अकाली जन्मलेल्या बालकांपेक्षाही अधिक असते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले असताना त्या आजाराची नोंद रुग्णालयाच्या कागदांतच राहते आणि शाळेतल्या तपासणीपर्यंत पोहोचण्याची वाट तिला नाही, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

या आजाराचे नाव ब्राँकोपल्मनरी डिसप्लेसिया, संक्षेपाने बीपीडी. नावाचा अर्थ श्वासनलिका आणि फुप्फुस यांच्या ऊतींची बिघडलेली वाढ असा होतो. तो समजण्यासाठी गर्भातल्या फुप्फुसाचे वेळापत्रक पाहावे लागते. साधारण २४व्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांना फांद्यांवर फांद्या फुटून झालेल्या असतात, पण त्या फांद्यांच्या टोकांशी हवा आणि रक्त यांची देवाणघेवाण करणारे खरे वायुकोश अजून नसतात. पुढच्या बारा आठवड्यांत तिथे पातळ भिंतींच्या साध्या पिशव्या तयार होतात, आणि त्या पिशव्यांत आडवे पडदे पडून वायुकोशांची दाटी होण्याचे काम ३६व्या आठवड्याच्या सुमारास जोर धरून जन्मानंतरही काही वर्षे चालू राहते. याच काळात सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध पदार्थ स्रवू लागतो, जो साबणाप्रमाणे पृष्ठताण कमी करतो आणि श्वास सोडल्यावर फुप्फुस मिटून चिकटू देत नाही. २८व्या आठवड्यात जन्मलेले बाळ हे पिशव्यांच्या अवस्थेतले आणि सर्फॅक्टंट अपुरे असलेले फुप्फुस घेऊन हवेत येते. ते उघडे ठेवायला दाब लागतो, रक्त लाल ठेवायला ऑक्सिजन लागतो, आणि दाब व ऑक्सिजन या दोन्हींनी त्या कोवळ्या भिंतींना इजा होते. इजा, सूज, अर्धवट भरणे आणि पुन्हा इजा असे आठवडेच्या आठवडे चालले की वायुकोश मोजके व मोठाले राहतात, त्यांच्या भोवतीच्या रक्तवाहिन्याही विरळ राहतात, आणि बाळ ऑक्सिजनवरून सुटेनासे होते.

हा आजार एका अर्थाने उपचारांच्या यशातून जन्मला. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या श्वासरोगाचे कारण सर्फॅक्टंटची कमतरता हे असल्याचे दाखवले, तरी १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक केनेडी त्याच रोगाने ३९ तासांत दगावला, कारण सत्तेच्या शिखरावरच्या घरालाही तेव्हा देण्यासारखे औषध नव्हते. त्यानंतर नवजात बाळांसाठी कृत्रिम श्वसनयंत्रे वापरात येऊ लागली आणि १९६७ मध्ये स्टॅनफर्ड येथील क्ष-किरणतज्ज्ञ विल्यम नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी, यंत्रावर ठेवलेल्या ३२ बाळांच्या अभ्यासातून, आधी कोणी न पाहिलेला एक जुनाट फुप्फुसविकार वर्णन करून त्याला बीपीडी हे नाव दिले. १९८० मध्ये जपानचे तेत्सुरो फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट श्वासनलिकेत सोडण्याचा उपचार यशस्वी करून दाखवल्यावर आणखी लहान बाळे वाचू लागली. त्यामुळे आजार संपला नाही, तर अधिक लहान बाळांकडे सरकला.

निदानाची रीत मात्र साधी आहे. बाळाला २८ दिवस वा अधिक काळ ऑक्सिजन लागला का, आणि आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेले ३६ आठवड्यांचे वय बाळाने गाठले तेव्हा त्याला श्वासासाठी कोणता आधार चालू होता, हे दोन प्रश्न २००१च्या अमेरिकी व्याख्येच्या केंद्राशी आहेत. २०१९ मध्ये सुचवलेल्या नव्या श्रेणीत तर दुसऱ्याच प्रश्नाला सारे महत्त्व आहे, म्हणजे नाकातली बारीक नळी पुरत होती की दाबाने हवा देणारे सीपॅप लागत होते की व्हेंटिलेटर. यातल्या कोणत्याही उत्तरासाठी महागडी तपासणी लागत नाही. परिचारिकेच्या नोंदवहीत ते रोज लिहिलेले असते.

आता मेंदूकडे वळावे लागते, कारण फुप्फुसात पडदे पडण्याची तयारी चालू असते त्याच आठवड्यांत मेंदूही आपल्या सर्वांत वेगवान वाढीत असतो. ३४व्या आठवड्यात त्याचे वजन पूर्ण मुदतीच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असते. वळ्या खोल व्हायच्या असतात आणि मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या असतात. २३ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान या कोवळ्या पेशींना ऑक्सिजनची कमतरता आणि शरीरात पसरलेली सूज फार लवकर बाधते, आणि त्या बाधल्या की मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या वाटा, म्हणजे श्वेतद्रव्य, कच्च्या राहतात. बीपीडी झालेल्या बाळाच्या शरीरात कमतरता आणि सूज या दोन्ही गोष्टी आठवडेच्या आठवडे एकत्र मुक्कामाला असतात.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते पेटीशेजारच्या मॉनिटरवर दिसते. बाळाच्या पावलाला गुंडाळलेल्या पट्टीतून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पडद्यावर येत असतो. तो ९३ वर असतो, बाळ श्वास घ्यायचे विसरते, आकडा ८८, ८१, ७४ असा उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात, घंटा वाजू लागते, परिचारिका पेटीत हात घालून तळपायाला हलकी टिचकी मारते, बाळ दचकून श्वास घेते आणि आकडा पुन्हा चढतो. एका पाळीत असे अनेकदा होऊ शकते, आणि एका परिचारिकेकडे सहा-आठ बाळे असतील तर टिचकी पोहोचायला लागणारा वेळ वाढतो. हा वेळ क्षुल्लक नाही. अति-अकाली जन्मलेल्या हजाराच्या आसपास बाळांच्या नोंदींचे एक विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक मिनिट वा अधिक काळ लांबलेल्या उतारांचा संबंध पुढचा मृत्यू वा दीड वर्षाच्या वयातले अपंगत्व यांच्याशी आढळला, तर चटकन सावरलेल्या उतारांचा तसा आढळला नाही. परिचारिकांच्या संख्येचा प्रश्न हा मेंदूच्या विकासाचाही प्रश्न आहे, हे मनुष्यबळाच्या फायलीत सहसा लिहिले जात नाही.

श्वासाच्या या कष्टाला अन्नाची जोड आहे. धापा टाकणाऱ्या बाळाची ऊर्जा श्वासातच खर्च होते. बीपीडी असलेल्या बाळाला वाढीसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १२० ते १५० किलोकॅलरीपर्यंत लागतात, आणि तेच बाळ चोखता-चोखता दमून झोपी जाते. डोक्याचा घेर वाढेनासा होणे हे त्याचे दिसणारे रूप आहे.

या सगळ्याचा शाळेच्या वयात काय परिणाम होतो, हे सांगणारा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ वर्षांच्या बालकांचे तीन गट होते: जन्मवजन दीड किलोहून कमी आणि बीपीडी झालेली ९८ बालके, जन्मवजन दीड किलोहून कमी पण बीपीडी न झालेली ७५ बालके, आणि पूर्ण दिवसांची ९९ बालके. बुद्ध्यांक ७० च्या खाली असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्यात ११ आणि तिसऱ्यात ३ टक्के होते. विशेष शिक्षणाच्या वर्गात जाणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ५४, ३७ आणि २५ टक्के होते. पहिला आणि तिसरा आकडा शेजारी ठेवून घाबरून जाणे सोपे आहे, परंतु पत्राच्या दृष्टीने पहिला आणि दुसरा आकडा महत्त्वाचे आहेत, कारण त्या दोन्ही गटांतली बालके दीड किलोहून कमी वजनाची होती आणि त्यांच्यातला एक ठळक फरक फुप्फुसाचा होता. अर्थात बीपीडी होणारी बाळे सहसा अधिक आजारीही असतात, त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि मेंदूतला रक्तस्राव अधिक आढळतो, त्यामुळे सारा दोष फुप्फुसाच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. फुप्फुस हे कारणांपैकी एक आहे आणि त्याच वेळी बाकीच्या कारणांची खूणही आहे. पाठपुरावा कोणाचा करायचा हे ठरवण्यासाठी खूण पुरेशी असते. शिवाय त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे: बीपीडी झालेल्या पाचांपैकी चार बालकांचा बुद्ध्यांक ७० वा त्याहून अधिक होता. ही बालके अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रेषेच्या अलीकडे राहतात, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाहीत.

लक्षात न येण्याचे कारण त्यांच्या अडचणीच्या स्वरूपात आहे. बोधात्मक विकास म्हणजे केवळ बुद्ध्यांक नसतो. त्यात अवधान टिकवणे, डोळ्यांनी पाहिलेले हाताने उतरवणे, आणि हातातले काम संपेपर्यंत एखादी गोष्ट मनात धरून ठेवणे, जिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात, यांचा समावेश होतो. दुसरीच्या वर्गातले असे एखादे बालक गप्पांत कोणाला हार जात नाही, पाढे म्हणते, गोष्ट सांगते; पण ४८ आणि २७ यांची बेरीज करताना आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, एवढ्यात हातचा एक निसटून जातो आणि उत्तर ६५ येते. फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवताना त्याची नजर फळा आणि वही यांच्यात इतरांच्या दुप्पट वेळा फिरते, जोडाक्षर अर्धे राहते, आणि वर्ग पुढच्या ओळीवर जातो. शिक्षक त्याला धांदरट म्हणतात, घरचे लाडावलेले म्हणतात. वारंवारच्या खोकल्यामुळे त्याचे पावसाळ्यातले दिवसही बुडतात आणि जे वर्गात शिकवून झाले ते त्याच्यासाठी झालेलेच नसते. हे बालक कधी काळी ५५ दिवस ऑक्सिजनवर होते, हे आईला पक्के आठवत असते, पण त्या गोष्टीचा या बेरजेशी संबंध असू शकतो असे तिला कोणी सांगितलेले नसते.

फुप्फुस आणि मेंदू यांना वेगवेगळ्या फायलींत ठेवल्याची किंमत वैद्यकशास्त्राने स्वतःही मोजली आहे, आणि ती गोष्ट धोरणकर्त्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड आहे. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाचे फुप्फुस लवकर पिकते, हे न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये बीटामेथासोन या त्याच जातीच्या औषधाने दाखवले, आणि भारतात २०१४ पासून मातेला वरच्या रुग्णालयात पाठवण्याआधी डेक्सामेथासोनचा पहिला डोस देण्याची मुभा एएनएमलाही, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेलाही, आहे. जे मातेला दिल्याने बाळाचे भले होते ते थेट बाळाला दिल्यास अधिक भले होईल, असा तर्क करून १९९० च्या दशकात अनेक ठिकाणी जन्मानंतर लगेच मोठ्या मात्रेत आणि कित्येक दिवस डेक्सामेथासोन दिले गेले. बाळे व्हेंटिलेटरवरून लवकर सुटली, फुप्फुसांचे आकडे सुधारले, सर्वांना बरे वाटले. तैवानमधल्या अशा एका चाचणीतल्या १४६ बालकांची शालेय वयात तपासणी करून तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध मिळालेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ७८.२ आणि न मिळालेल्यांचा ८४.४ निघाला, उंची आणि डोक्याचा घेरही औषध मिळालेल्यांचा कमी होता. आज लवकर आणि मोठ्या मात्रेचा तो प्रघात मोडीत निघाला आहे, आणि ज्याचे फुप्फुस फारच बिघडले आहे अशाच बाळाला, उशिरा व अल्प मात्रेत, तोलूनमापून हे औषध दिले जाते. बालकांना पुन्हा बोलावून तपासले नसते तर असा तोटा कळलाच नसता.

दोन्ही अवयवांना एकदम हात देणारे उपाय नाहीत असे मात्र नाही. बाळाला श्वासाची आठवण करून देणारे कॅफिन हे त्यांतले सर्वांत स्वस्त औषध आहे. बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांतल्या २००६ बाळांवर झालेल्या चाचणीत ३६ आठवड्यांच्या वयाला ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आले, आणि दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात मेंदूच्या पक्षाघाताचे व बोधात्मक विलंबाचे प्रमाणही कमी आढळले. पुढे पाचव्या वर्षी हा फरक बराचसा पुसट झाला, अकराव्या वर्षी हालचालींच्या कौशल्यात तो पुन्हा दिसला. विकास सरळ रेषेत चालत नाही याचे हे चांगले उदाहरण आहे. कांगारू मातृसेवा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून तासन्‌तास ठेवणे, हा दुसरा उपाय. तिसरा आईच्या दुधाचा, आणि त्यात महाराष्ट्राला अभिमानाची जागा आहे, कारण आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आजाराचे मूळ गाठायचे तर अकाली प्रसूतीच टाळणे उत्तम. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात मिश्रीसारख्या धूरविरहित तंबाखूचा संबंध कमी जन्मवजनाशी आणि मुदतीआधीच्या प्रसूतीशी आढळला होता, हे २००४ मध्येच प्रसिद्ध झाले आहे, आणि तरीही कित्येक घरांत सकाळी मिश्री लावणे हे दात घासण्यात मोडते.

यानंतर घरचा भाग येतो, आणि इथे राज्याची यंत्रणा कुठे पोहोचते व कुठे थांबते ते पाहिले पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या गृहाधारित नवजात सेवेच्या अनुभवावर आशाताईंच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम आधारलेला आहे. पहिले ४२ दिवस त्या भेटी होतात, आणि नंतरच्या कार्यक्रमानुसार ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांच्या वयात पुन्हा होतात. त्यापुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात व संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे ‘डीईआयसी’कडे, पाठवतात. कागदावर ही साखळी अखंड आहे. परंतु या कार्यक्रमात तपासायच्या ज्या ३० स्थिती ठरवल्या आहेत, त्यांत अकाली जन्मलेल्या बाळांचा नेत्रपटलविकार, म्हणजे आरओपी, आहे. श्वासनलिकांचा दमासदृश विकार आहे, बोधात्मक विलंब आहे, अध्ययन अक्षमता आहे. बीपीडी मात्र नाही. ऑक्सिजनने डोळ्याला होणारी इजा यादीत आली आणि फुप्फुसाला होणारी राहून गेली. आरओपी यादीत असल्यामुळे आज लहानशा शहरातही ‘बाळाचे डोळे तपासून घ्या’ हे वाक्य आईच्या कानावर पडते. ‘बाळाचे शिकणे तपासत राहा’ असे वाक्य अजून तयार झालेले नाही.

त्यासाठी पहिली मागणी अगदी लहान आहे. एसएनसीयूच्या डिस्चार्ज कार्डावर एक छापील ओळ वाढवावी: बाळ किती दिवस ऑक्सिजनवर होते, आणि ३६ आठवड्यांच्या वयाला, किंवा त्याआधी घरी गेले असल्यास जाताना, त्याला कोणता श्वसन-आधार चालू होता. हीच ओळ माता व बाल संरक्षण कार्डावर उतरावी, म्हणजे ती आशाताईला, अंगणवाडी सेविकेला आणि पुढे शाळेत येणाऱ्या पथकाला वाचता येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे बाळ दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर असते आणि पाडव्याच्या सुमारास गावी परतते. त्याच्या पाठपुराव्याची तारीख ज्या नोंदवहीत असते ती गावातच राहते, पण कार्ड मात्र आईच्या पत्र्याच्या पेटीतून सोबत जाते. म्हणून ओळ कार्डावर हवी. केवळ संगणकीय प्रणालीत असून भागणार नाही.

दुसरी मागणी अशी की ज्या बालकाच्या कार्डावर ही ओळ भरलेली असेल त्याचा पाठपुरावा पंधराव्या महिन्याला न थांबता आठव्या वर्षापर्यंत चालावा आणि डीईआयसीत त्याची किमान दोन वेळा, म्हणजे दोन वर्षांच्या वयात आणि पहिली-दुसरीत असताना, बोधात्मक तपासणी व्हावी. पहिल्या तपासणीत वय मोजताना सुधारित वय धरावे. सुधारित वय म्हणजे बाळ जितके आठवडे आधी आले तितके वजा करून उरणारे वय, जे साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात. शाळाप्रवेशात हा हिशेब कोणीच धरत नाही. महाराष्ट्रात प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर ही तारीख मानली जाते. १५ डिसेंबरला २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बालकाची खरी तारीख पुढच्या मार्चमधली असते, म्हणजे मुदतीत जन्मले असते तर ते एक इयत्ता मागे असते, पण प्रत्यक्षात ते वर्गातले सर्वांत लहान आणि सर्वांत कोवळे बालक होऊन बसते. पालकांनी मागितल्यास अशा बालकाला एक वर्ष उशिरा प्रवेश घेण्याची सोय असावी, यासाठी आपल्या विभागाने शालेय शिक्षण विभागाशी बोलावे.

तिसरी गोष्ट घरातल्या हवेची. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-बाळंतशेपांची धुरी देणे, खोलीत शेगडी धुमसत ठेवणे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची माया आहे, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु वायुकोश मोजकेच असलेल्या बाळाला तो धूर परवडत नाही, हे आजीला सांगण्याचे काम घरी जाण्याच्या दिवशी, तिला समोर बसवून झाले पाहिजे. आईला सांगून उपयोग थोडा, कारण शेगडीची मालकी आजीकडे असते. ज्या मोजक्या बाळांना घरीही ऑक्सिजन लागतो त्यांच्यासाठी कोविडच्या काळात घेतलेले कॉन्सन्ट्रेटर कामी येऊ शकतात, मात्र बाळाला मिनिटाला अर्धा लिटर वा त्याहूनही कमी प्रवाह लागत असल्याने त्याला बालकांचे सूक्ष्म प्रवाहमापक जोडणे आवश्यक आहे.

या सूचनांवर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो हलका नाही: कार्डावर अशी ओळ छापली तर बालकावर जन्मतःच शिक्का बसेल, शिक्षक त्याच्याकडून कमी अपेक्षा ठेवतील, आणि सासरचे लोक आईला बोल लावतील. म्हणून ओळीत भाकीत नसावे. फक्त दिवसांची संख्या आणि आधाराचे नाव असावे, आणि ती वाचण्याचा अधिकार आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्यापुरता राहावा. पण शिक्का बसू नये म्हणून नोंदच करू नये, हा युक्तिवाद टिकत नाही, कारण वर्गात ‘ढ’ हा शिक्का कोणत्याही कार्डाशिवाय बसतो आणि तो पुसण्याची सोय कोणत्याही केंद्रात नाही. हातचा विसरणाऱ्या बालकाला हातचा वहीच्या कडेला लिहून ठेवायला शिकवता येते, फळ्याऐवजी समोर ठेवलेल्या कागदावरून उतरवायला देता येते, परीक्षेत थोडा अधिक वेळ देता येतो. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ राज्य मंडळ देतेच. दहावीला मिळणारी सवलत दुसरीत मिळाली तर तिला सवलत म्हणण्याचीही गरज पडणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला होता. ३० स्थितींच्या त्या यादीत बीपीडीची भर घालण्याचा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा, आणि त्याची वाट न पाहता डिस्चार्ज कार्डाचा नवा नमुना राज्याने स्वतःच्या अधिकारात छापून येत्या १७ नोव्हेंबरपूर्वी, म्हणजे जागतिक अकाली जन्म दिनाआधी, प्रत्येक एसएनसीयूच्या टेबलावर पोहोचवावा, ही विनंती.